ज्वारीचा चकवा: गोदावरीतल्या सेंद्रिय कार्बनचा समुद्रतळापर्यंत माग कसा काढावा

परभणीकडे ज्वारी काढून झाली की रानात धसकटं उरतात. ती कुजतात, काळ्या मातीत मिसळतात. पुढच्या मृगात पहिला जोराचा पाऊस झाला की त्या मातीचा वरचा पातळ थर ओढ्याला लागतो. ओढ्यातून दुधना, दुधनेतून पूर्णा, पूर्णेतून गोदावरी. वाटेतल्या धरणांत अडकला नाही, तर धसकटातल्या कार्बनचा एखादा कण राजमहेंद्रीच्या पुलाखालून जातो आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी बसतो.

हा प्रवास मोजायचा कसा, असं सागरविज्ञान किंवा भूरसायनशास्त्राच्या वाटेला नव्याने लागलेली मुलं-मुली मला विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरण गोदावरीचंच घेतो, कारण ही नदी आपल्या बाजूने सुरू होते आणि नवख्याला फसवायची एकही संधी सोडत नाही.

आधी एवढं माहीत असू द्या

जगभरच्या नद्या दर वर्षी सुमारे २० कोटी टन सेंद्रिय कार्बन गाळाच्या कणांना चिकटलेल्या रूपात समुद्राकडे नेतात. साधारण तेवढाच विरघळलेल्या रूपात जातो. आपल्याला इथे मुख्यतः पहिल्याचा माग काढायचा आहे, कारण तळाशी बसतो तो तोच. त्यातलाही साधारण पाचवा भाग खडकांतून झिजून आलेला, लाखो-कोटी वर्षं जुना असतो. तो हवेतून नव्याने शोषलेला कार्बन नव्हे. समुद्रतळात पुरल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनचा बहुतेक वाटा किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात आणि नदीमुखांपुढेच पुरला जातो, म्हणून खोल समुद्रात जायच्या आधी काठ नीट बघावा.

गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर, पाणलोट क्षेत्र ३ लाख चौरस किलोमीटरहून थोडं जास्त, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात. पाणी आणि गाळ दोन्हींचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबरमध्येच वाहतो. जानेवारीत जाऊन नमुने आणणाऱ्याने नदी पाहिली, पण तिचं काम पाहिलं नाही.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

"गोदावरीच्या कार्बनचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "काकीनाड्यापुढच्या गाळात जमिनीवरून आलेला कार्बन किती आणि किनाऱ्यापासून लांब जाताना तो किती घटतो?" हा प्रश्न आहे. तो कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. पुढे कुठलाही नमुना घेताना त्या कागदाकडे बघा.

पायरी २: सगळ्या वाटांचं पाणी चाखा

समुद्रातल्या गाळाच्या नमुन्यात कार्बन कुठून कुठून आला असेल, त्या प्रत्येक उगमाचा स्वतंत्र नमुना आधी तुमच्याकडे हवा. इंग्रजीत याला एंड-मेंबर म्हणतात. मी 'टोकाचे नमुने' म्हणतो. बहुतेक नवखे हे काम पुस्तकातल्या सरासरीवर भागवतात आणि तिथेच घसरतात.

ओळख पटवायचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांचं, कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं प्रमाण. ते एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत दर हजारी फरकाने सांगतात. हे मानक मुळात अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनातल्या एका बेलेम्नाइट जीवाश्मावरून ठरलं. त्या जीवाश्माची पूड केव्हाच संपली, पण नाव अजून चालतं. सेंद्रिय पदार्थाचा आकडा या मानकापेक्षा नेहमी कमी येतो, म्हणून तो उणे असतो.

भात, गहू, कापूस, तूर, हरभरा, साग, साल ही 'सी-३' पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारी झाडं. त्यांचा आकडा साधारण उणे २७ च्या आसपास. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपली बरीचशी माळरानाची गवतं 'सी-४' पद्धतीची, त्यांचा साधारण उणे १३. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींचा उणे २० ते उणे २२.

आता हे तीन आकडे एका ओळीत मांडा: उणे २७, उणे २१, उणे १३. समुद्र बरोबर मधे येतो. अर्धी ज्वारी आणि अर्धा कापूस यांच्या कुजक्याचं मिश्रण उणे २० दाखवतं, म्हणजे जायकवाडीच्या काठची माती यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ समुद्रच. हाच तो ज्वारीचा चकवा. कोकणात रात्री रानात चकवा लागला की माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो म्हणतात. इथे आकडे फिरतात.

या विषयाची बरीच जुनी पाठ्यपुस्तकं थंड प्रदेशातल्या नद्यांवर बेतलेली आहेत. तिथे जमीन म्हणजे उणे २७ आणि समुद्र म्हणजे उणे २०, असं सरळ चालतं. दख्खनच्या पठारावर चालत नाही.

म्हणून टोकाचे नमुने तुम्हीच गोळा करा. मराठवाड्यातली काळी माती, अहिल्यानगरकडची उसाची रानं, विदर्भातली कापसाची शेतं, भंडारा-गोंदियाची भातखाचरं, गडचिरोली आणि बस्तरची जंगलमाती. मातीबरोबर पानं, धसकटं, पाचटही घ्या. आणि एक नमुना लोक हमखास विसरतात, तो म्हणजे कोळसा. वर्धा आणि प्राणहितेच्या खोऱ्यात गोंडवाना काळातले कोळशाचे थर आहेत, चंद्रपूरला खाणी आहेत, पुढे तेलंगणात सिंगरेणीचा पट्टा आहे. नदीच्या गाळात कोळशाची भुकटी असणारच, आणि तिचाही आकडा नेमका मधल्या पट्ट्यात पडतो. दुष्काळात तेरावा महिना.

पायरी ३: नदीचा नमुना

पुलावरून घ्या, काठावरून नको. काठाचं पाणी संथ असतं आणि तिथे गावाचं सांडपाणी मिसळलेलं असतं. शक्य तर एकाच जागी किमान दोन खोलींवरून पाणी घ्या, एक पृष्ठभागाजवळचं आणि एक तळाच्या थोडं वरचं. वर बारीक चिकणमाती तरंगते, तळाशी भरड वाळू आणि पानालाकडांचे जड, पाणी प्यालेले तुकडे घरंगळत जातात. नुसती बादली सोडून वरचं पाणी घेतलंत तर नदीचा लाकूडफाटा तुम्हाला दिसणारच नाही.

जागा निवडताना उपनद्यांच्या संगमाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या. सिरोंच्याजवळ प्राणहिता येऊन मिळते, त्याच्या खाली इंद्रावती, मग आंध्रात शबरी. पैठणचं जायकवाडी, नांदेडचं विष्णुपुरी, तेलंगणातलं श्रीरामसागर यांत वरच्या खोऱ्यातला बराच गाळ अडतो. त्यामुळे समुद्राला पोचणाऱ्या आजच्या गाळावर प्राणहिता-इंद्रावतीचा, म्हणजे जंगल आणि भातशेतीचा ठसा जास्त असणं साहजिक आहे. समुद्रतळाचा जुना गाळ मात्र धरणांआधीचा आहे. आजच्या नदीवरून कालचा तळ वाचू नका. धवलेश्वरमचा बंधारा तर १८५२ पासूनचा आहे.

गाळण्यासाठी काचतंतूंचा, ०.७ मायक्रॉन छिद्रांचा जीएफ-एफ कागद वापरतात. तो आधी ४५० अंश सेल्सिअसला चार तास भाजून घ्या, म्हणजे त्यावरचा हाताचा तेलकटपणा, धूळ, सगळा परका कार्बन जळून जातो. भाजून झाल्यावर वजन करा. नंतर करू म्हणालात तर राहिलंच. पुराचं पाणी शे-दोनशे मिलिलीटरमध्येच कागद तुंबवतं. तुंबला की थांबा, किती पाणी गेलं ते तिथल्या तिथे लिहा, कागद दुमडून भाजलेल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घाला आणि बर्फात ठेवा. प्रयोगशाळेत उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये.

लेबल पेन्सिलीने लिहा, दोनदा लिहा, एक आत आणि एक बाहेर. पाऊस, ओली बोटं आणि बर्फाचं पाणी यांपुढे मार्कर टिकत नाही. माझे एका पुरातले चार नमुने आजही 'कुठलेतरी चार' म्हणून पडून आहेत.

पायरी ४: समुद्राचा नमुना

गौतमी, वैनतेय आणि वसिष्ठ या मुख्य फाट्यांनी गोदावरी समुद्राला मिळते. मुखापासून सुरुवात करून किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्या एका रेषेवर नमुने घ्या. खोली वाढेल तशी वाळू कमी होऊन चिखल वाढेल. कोरिंगाचं खारफुटीचं जंगल बाजूलाच आहे, तिथलीही माती घ्या. खारफुटी सी-३ प्रकारची आहे आणि तिची पानं नदीच्या पानांसारखीच दिसतात, यंत्रालाही.

तळाचा चिखल उचलायला व्हॅन व्हीन ग्रॅब हे दोन जबड्यांचं साधन पुरतं. तो वर येताना पाणी निथळतं आणि वरचा मऊ थर धुऊन जातो, म्हणून हळू ओढा. उघडल्यावर वरचे एक-दोन सेंटिमीटरच चमच्याने काढा. चमचा धातूचा. पुढे मेणं किंवा लिपिडं तपासायची असतील तर प्लास्टिकची पिशवी बाद. भाजलेली काचेची बरणी घ्या. जुना इतिहास हवा असेल तर ग्रॅब नाही, कोअर हवा, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला उभा स्तंभ.

पायरी ५: चुना काढा

या पायरीवर आळस करू नका, बाकी कुठेही करा. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, समुद्राच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो. दोन्हींत कार्बन आहे, पण तो सेंद्रिय नव्हे. त्याचा आकडा सेंद्रिय कार्बनपेक्षा खूप वर असतो, शिंपल्यांचा तर शून्याच्या जवळपास.

हिशोब करून बघा. समजा नमुन्यात १ टक्का सेंद्रिय कार्बन आहे, उणे २४ चा. त्यात शिंपल्यांचा अर्धा टक्का कार्बन तसाच राहिला, शून्याचा. यंत्र दोन्ही जाळतं आणि उणे १६ सांगतं. तुम्ही आनंदाने लिहिता, "उसाचा प्रभाव." प्रत्यक्षात कालवं होती.

नेहमीची रीत अशी: वाळवून कुटलेला नमुना चांदीच्या छोट्या वाटीत तोलायचा, बंद डेसिकेटरमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत २४ ते ४८ तास ठेवायचा, मग ६० अंशांवर वाळवायचा. आम्ल ओतून धुतलंत तर पाण्याबरोबर थोडा सेंद्रिय कार्बनही जातो, म्हणून वाफ बरी. वाटी चांदीचीच. मी पहिल्यांदा कथिलाची वापरली होती, सकाळी उघडून बघतो तो तळाशी राखाडी चिकट डाग. नायट्रोजन मोजायचा असेल तर तो आम्ल न लावलेल्या वेगळ्या भागावर मोजा. आम्लाने त्याचा आकडा बिघडू शकतो.

पायरी ६: हिशोब, आणि हिशोबावरचा अविश्वास

दोनच उगम आहेत असं मानलं, तर जमिनीचा वाटा काढायचं सूत्र शाळेतलं आहे: नमुन्यातून समुद्राचा आकडा वजा करा, जमिनीतून समुद्राचा आकडा वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा.

समजा तुमचा नमुना उणे २२.५ आणि समुद्र उणे २० आहे. जमीन उणे २६.५ धरली, म्हणजे सगळं जंगल आणि भात, तर उत्तर ३८ टक्के. आता जमिनीत थोडी ज्वारी आणि गवत धरून ती उणे २३ केली, तर तोच नमुना, तेच यंत्र, आणि उत्तर ८३ टक्के. नमुन्यात काहीही बदललं नाही, फक्त तुमचं गृहीतक बदललं. उत्तर दशांश चिन्हापर्यंत लिहिणाऱ्या प्रबंधांकडे त्यानंतर मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर मदतीला येतं, पण फार नाही. समुद्री सूक्ष्म वनस्पतींत अणूंच्या हिशोबाने ते ६ ते ७ असतं, झाडांच्या पानालाकडांत २० च्या वर, मातीत मधे कुठेतरी. दख्खनच्या चिकणमातीत स्मेक्टाइट नावाचं थरांचं खनिज भरपूर असतं. ते अमोनियम आपल्या थरांत धरून ठेवतं, त्यामुळे नायट्रोजन फुगतो, गुणोत्तर घसरतं आणि माती पुन्हा समुद्रासारखी दिसते. शिवाय गुणोत्तर वजनाचं की अणूंचं, ते लिहा. वजनाच्या गुणोत्तराला १.१७ ने गुणलं की अणूंचं मिळतं.

पायरी ७: दुसरा साक्षीदार बोलवा

एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. कार्बनच्या बाबतीत साक्षीदार असे.

लिग्निन. लाकडाला ताठपणा देणारं हे द्रव्य समुद्रातल्या शेवाळात नसतं, म्हणून ते सापडलं की जमीन आलीच. तांब्याच्या ऑक्साइडने तोडून त्याचे फिनॉल मोजतात. त्यांच्या आपसातल्या प्रमाणावरून लाकूड की गवत-पानं, आणि आम्ल-आल्डिहाइड प्रमाणावरून कितपत कुजलेलं, असे दोन्ही अंदाज बांधता येतात. काम किचकट आहे, पण दमदार.

पानांवरचं मेण. ज्वारीच्या पात्यावर किंवा केळीच्या पानावर पाण्याचा थेंब घरंगळतो तो याच मेणामुळे. या मेणातल्या लांब साखळ्या, २७, २९, ३१, ३३ कार्बनच्या, जमिनीवरच्या झाडांच्याच. त्यांच्यावर समस्थानिक मोजले की समुद्र हिशोबातून जवळजवळ बाहेरच पडतो. मग उणे २० दिसलं तर ते मिश्रण ज्वारी-कापसाचं, समुद्राचं नव्हे. चकव्यातून बाहेर पडायची वाट ही.

मातीतल्या जिवाणूंची पटलद्रव्यं. त्यांवर आधारलेला बीआयटी निर्देशांक शून्याजवळ असेल तर समुद्र, एकाजवळ असेल तर माती. सोपा वाटतो, पण नदीच्या पात्रातले आणि तळ्याधरणांतले जिवाणूही तीच द्रव्यं बनवतात, त्यामुळे 'माती' म्हणजे दर वेळी रानातली माती नसते.

आणि किरणोत्सारी कार्बन-१४. त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं, म्हणून कोळशात तो उरलेलाच नसतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात याची मोजणी होते. नमुन्यात आजच्या तुलनेत ८० टक्के कार्बन-१४ मिळाला तर 'वय' सुमारे १,८०० वर्षं निघतं. पण त्याचे दोन अर्थ होतात: सगळी माती सरासरी तेवढी जुनी आहे, किंवा एक पंचमांश चंद्रपूरचा कोळसा आणि बाकी कालपरवाचं पान. कुठला खरा, ते हा आकडा एकटा सांगत नाही. गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, काळे चकचकीत कण मोजा.

चारही करायला पैसे नसतात. एकच परवडत असेल तर गोदावरीसाठी मी मेण निवडेन.

पायरी ८: घटला की पातळ झाला?

मुखाजवळ १ टक्का कार्बन आणि वीस किलोमीटरवर अर्धा टक्का, म्हणजे अर्धा कुजला? थांबा. वाळू वाढली असेल तरी टक्का घसरतो. सेंद्रिय कार्बनचा मोठा भाग चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागाला धरून असतो, म्हणून कार्बन भागिले कणांचं पृष्ठफळ असं बघायचं. नदीच्या गाळात हे बऱ्याचदा प्रति चौरस मीटर अर्धा ते एक मिलिग्रॅम असतं, मोठ्या त्रिभुज प्रदेशांपुढच्या गाळात त्याहून कमी. पृष्ठफळ मोजायची सोय नसेल तर किमान ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओला गाळ गाळून बारीक भाग वेगळा काढा आणि तुलना त्याचीच करा.

किती कुजतं हे नदीपेक्षा तळावर जास्त ठरतं. अॅमेझॉनच्या मुखापुढचा चिखल भरती-ओहोटीने आणि लाटांनी पुन्हापुन्हा ढवळला जातो, त्याला ऑक्सिजन मिळत राहतो, कार्बन जळत राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ झपाट्याने पुरला जातो आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की तिथे नदीने आणलेला बहुतेक सगळा जमिनीवरचा कार्बन टिकतो. गोदावरी यांतल्या कुणासारखी, हे तुमच्याच आकड्यांतून काढा.

पायरी ९: दर

किती आहे हे कळलं, दर वर्षी किती पुरला जातो हे कळायला कोअरच्या थरांचं वय लागतं. गेल्या शंभरेक वर्षांसाठी शिसं-२१०, अर्धायुकाल २२ वर्षं. पडताळणीला सीझियम-१३७, ज्याचा कळस अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास येतो. गुणाकार सोपा: वर्षाला अर्धा सेंटिमीटर थर, कोरडी घनता घनसेंटिमीटरला ०.८ ग्रॅम, कार्बन १ टक्का, म्हणजे चौरस मीटरला वर्षाला ४० ग्रॅम. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. खेकडे आणि किडे वरचा थर उकरून मिसळतात, तेव्हा शिशाची रेषा वरच्या काही सेंटिमीटरमध्ये सपाट दिसली तर घाबरू नका, तो भाग सोडून द्या.

पहिल्या हंगामात एवढंच करा

ऑगस्टच्या पुरात राजमहेंद्रीला एका जागी, दोन खोलींवरून पाणी. पाच प्रकारच्या माती आणि एक कोळसा. समुद्रात मुखापासून बाहेर सहा ठिकाणं. सगळ्यांवर कार्बन, नायट्रोजन, समस्थानिक. निवडक चारांवर मेण. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक दोनदा मोजा, आणि नुसता भाजलेला कोरा कागदही यंत्रात घाला.

हे जमलं की खोल पाण्यातल्या कोअरकडे बघा. २००६ साली जॉइडिस रेझोल्यूशन या खोदकाम जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यापुढे, १,२६८ मीटर पाण्याखाली एक कोअर काढला. त्यातल्या पानांच्या मेणाचा कार्बन थराथराने मोजला, तेव्हा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेत तगणाऱ्या (सी-४ सारख्या) झाडागवतांचा वाटा खोऱ्यात वाढत गेलेला दिसला. उथळ पाण्याच्या नमुन्यात जी सी-४ ची खूण तुमचा हिशोब बिघडवत होती, तीच तिथे पावसाची नोंद होती.